पोटॅशियम, पण थेंबाथेंबानं

पहाटे कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरून तरुण पुरुष येतो. रात्री लग्नाच्या पंगतीत भरपेट जेवून झोपलेला, सकाळी उठायला गेला तर पायांत जीव नाही. नातेवाईक म्हणतात, पॅरालिसिस झाला. पण तोंड वाकडं नाही, बोलणं स्वच्छ, पायाला चिमटा काढला तर कळतो. नाडी मात्र शंभरच्या वर आणि पुढे धरलेली बोटं थरथरतात. थायरॉइडची शंका घ्यायची ती इथेच.

रिपोर्ट येतो: पोटॅशियम 1.9. नॉर्मल साडेतीनच्या वर. आकडा बघून नव्या डॉक्टरचा हात लगेच अ‍ॅम्प्यूलकडे जातो. जुलाब-उलट्यांत पोटॅशियम शरीराबाहेर जातं, तिथे ते भरून काढावंच लागतं. इथे ते गेलेलं नसतं, पेशींच्या आत शिरलेलं असतं. वाढलेल्या थायरॉइड हार्मोननं पेशींवरचे पंप आधीच जोरात चालू असतात, त्यात गोडधोडामुळे वाढलेल्या इन्सुलिनची भर. झटका ओसरला की आतलं पोटॅशियम आपणहून रक्तात परततं. वरून आपण ओतलेलंही असतंच. मग आकडा 6 च्या पुढे जाऊ शकतो आणि पाय हलू लागलेल्या माणसाचं हृदय लय सोडतं. 24 तासांत 90 मिलीइक्विव्हॅलंटच्या वर गेलं की हा धोका विशेष वाढतो.

म्हणून सिस्टर 20 मिलीइक्विव्हॅलंटची एकच अ‍ॅम्प्यूल अर्ध्या लिटर नॉर्मल सलाईनमध्ये घालतात. डेक्सट्रोज नाही, कारण साखरेनं इन्सुलिन पुन्हा वाढेल. बाटली चार-पाच वेळा उलटीसुलटी करतात, नाहीतर औषध तळाशी साचून आधी तेच शिरेत जातं. ही बाटली दोन तास चालते. मॉनिटर लावलेला, पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासायचं.

खरी परीक्षा यानंतर. कधी कधी सलाईन चालू असूनही आकडा आणखी घसरतो. नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, जरा फास्ट करा ना?" माझ्या मते अशा वेळी सलाईनच्या चाकाला हात न लावणं हेच सगळ्यात अवघड काम. श्वास आणि ईसीजी ठीक असेल तर थांबावं. दम्याचा त्रास नसेल तर प्रोप्रॅनोलॉल द्यावं, ते पंपाचा जोर उतरवतं.

दोन-तीन दिवसांनी रुग्ण चालत घरी जातो आणि हमखास पोटॅशियमचं सिरप लिहून मागतो. रोज सिरप घेऊन पुढचा झटका टळत नाही. थायरॉइड आटोक्यात आला की टळतो. तोवर कार्बिमाझोलची गोळी चुकवू नये.