एका नदीच्या अनेक वह्या

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान थांबली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले होते. उजाडले तेव्हा डब्यांच्या चारही बाजूंना पाणीच पाणी होते. दुपारपर्यंत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढले. सगळे सुखरूप सुटले, म्हणून ती घटना लवकर विस्मरणातही गेली. मला मात्र एक साधा प्रश्न सुटेना. गाडी मुंबईहून सुटली तेव्हा वर कर्जतच्या बाजूला किती पाऊस पडून गेला होता, आणि ते कोणाकोणाला ठाऊक होते?

हा प्रश्न घेऊन बसले, तेव्हा उत्तराचे तुकडे किती ठिकाणी विखुरलेले असतात ते कळत गेले.

उल्हास लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असे करत ती कल्याणच्या खाडीकडे येते. वाटेत माथेरानच्या पूर्व उताराचे पाणी तिला मिळते, पुढे बारवी मिळते, कल्याणजवळ काळू आणि भातसाचे पाणी येते, अंबरनाथ-उल्हासनगरची सगळी घाण घेऊन वालधुनी येते. शिवाय भिवपुरीच्या वीजघरातून सोडलेले पाणी आहेच. ते मुळात मावळातले, आंध्रा धरणात साठलेले; घाटावरून खाली आणून त्यावर वीज करतात आणि मग ते उल्हासला देतात. कल्याण-डोंबिवलीत आम्ही जे पाणी पितो त्याचा काही भाग सह्याद्रीच्या पलीकडे पडलेला पाऊस असतो, हे इथे राहूनही मला फार उशिरा कळले.

आता या एका नदीच्या वह्या मोजा. कर्जतचा पाऊस रायगड जिल्ह्याच्या वहीत, वांगणीच्या पुढचा ठाणे जिल्ह्याच्या. माथेरानचा पाऊस भारतीय हवामान विभागाकडे. महसूल मंडळांतला पाऊस कृषी विभागाच्या ‘महावेध’ प्रकल्पातल्या स्वयंचलित केंद्रांकडे. राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. नदीची पातळी जलसंपदा विभागाकडे : बदलापूरला १६.५० मीटर ही इशारा पातळी आणि १७.५० मीटर ही धोका पातळी. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे, भिवपुरी टाटांचे, रूळ रेल्वेचे. खाली शहरात शिरलेले पाणी महापालिकेचे. भरती-ओहोटीचे वेळापत्रक तेवढे वर्षभर आधी छापून तयार असते, आणि ते सर्वांना मिळतेही. भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही, म्हणून कल्याण-डोंबिवलीच्या रेतीबंदर, मोठागाव या बाजूला राहणारा माणूस निदान तेवढे पाहून घेतो.

पाणी कर्जतहून कल्याणला यायला काही तास घेते. या काही तासांतच आकड्यांचा खरा उपयोग असतो. वरचा पाऊस, मधली पातळी, धरणातून सोडलेले पाणी आणि खालची भरती हे चार आकडे त्या वेळेत एका कागदावर आले तर दुकानदार माल वर उचलू शकतो, चाळीतली म्हातारी माणसे हलवता येतात, गाडी आधीच्या स्थानकात थांबवता येते. दुसऱ्या दिवशी तेच आकडे इतिहास होतात.

इतिहास म्हणून तरी ते नीट जुळावेत, तर तिथेही गंमत आहे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणजे २६ तारखेच्या रात्री कोसळलेला पाऊस २७ तारखेच्या नावावर जमा होतो. वर्तमानपत्राचा दिवस मध्यरात्री बदलतो. एखादा नियंत्रण कक्ष सकाळी सहापासून मोजतो. तीन वह्यांतले ‘२७ जुलै’ शेजारी ठेवून मी एक संध्याकाळ बेरजा केल्या आणि त्या सगळ्या चुकीच्या निघाल्या. चूक माझीच होती. पण आकड्याशेजारी तो कधीपासून कधीपर्यंतचा, हे कुठेही लिहिलेले नव्हते. आकडा खुला करायचा तर त्याच्या जन्माची वेळ आणि जागाही सांगावी लागते : यंत्र जमिनीवर आहे की गच्चीवर, शेजारी झाड आहे का, शेवटचे तपासले कधी. मराठीत ‘विदा’ हा शब्द आता रुळतो आहे. माझ्या मते विदा म्हणजे आकडा अधिक त्याचे हे गोत्र.

एका शहरात एकच मोजमाप पुरत नाही, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७४ सुद्धा पुरता नाही. दोन्ही आकडे खरे होते, दोन्ही मुंबईचे होते. त्यानंतर मुंबई महापालिकेने शहरभर स्वयंचलित केंद्रे बसवली आणि त्यांचे दर पंधरा मिनिटांचे आकडे लोकांना पाहता येऊ लागले. त्याच दिवशी कल्याण आणि बदलापूरही बुडाले होते. पण मुलुंडचा टोलनाका ओलांडला की आकड्यांची घनता एकदम विरळ होते. इथली उणीव बरीचशी हौशी निरीक्षकांनी भरून काढली आहे. बदलापूर, डोंबिवलीत काही जणांनी स्वखर्चाने गच्चीवर यंत्रे लावली, रोजचे आकडे लोकांसमोर ठेवले, आणि आता वर्तमानपत्रेही त्यांचाच हवाला देतात. हे कौतुकाचे आहे, आणि थोडे लाजिरवाणेही.

उन्हाळ्यात तर फरक अंगाला जाणवतो. सांताक्रूझला समुद्रावरचे वारे दुपारी लवकर पोचते. कल्याण-बदलापूरला ते उशिरा येते, कधी येतच नाही. मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी तिकडे पारा पस्तीस-छत्तीसवर अडलेला असतो, तेव्हा इथे तो चाळिशी ओलांडतो. बातमीत मात्र ‘मुंबईचे तापमान’ येते आणि बांधकामावरचा मजूर, रिक्षावाला, शाळेतून भर दुपारी सुटणारी मुले त्या तापमानावर चालतात. ठाणे महापालिकेने सीईईडब्ल्यू या संशोधन संस्थेच्या साहाय्याने उष्णता कृती आराखडा केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा. कारण तापमान शहराचे असले तरी ऊन वस्तीवस्तीत वेगळे लागते. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याचे आणि येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्याचे ठाणे एक नाही. हा फरक दाखवायचा तर प्रभागाप्रभागाचे आकडे लागतात.

हवेबाबत परिस्थिती आणखी चमत्कारिक आहे. डोंबिवलीकराला प्रदूषण सांगावे लागत नाही. जानेवारी २०१४ मध्ये एमआयडीसीच्या निवासी भागात हिरवे थेंब पडले. २०२० च्या फेब्रुवारीत तिथला एक रस्ता गुलाबी झाला. या दोन्ही वेळी डोळ्यांना दिसले म्हणून गवगवा झाला. रोजचा त्रास न दिसणारा असतो. मध्यरात्रीनंतर खिडकीतून येणारा उग्र वास, चुरचुरणारे डोळे, आणि सकाळी मोबाइलवर हवा ‘समाधानकारक’. लोक म्हणतात, आकडे खोटे असतात. मला तसे वाटत नाही. आकडा बहुधा खराच असतो, फक्त तो आपल्या प्रश्नाचे उत्तर नसतो.

कसे ते पाहू. २०१५ पासून देशात वापरात असलेला हवा गुणवत्ता निर्देशांक आठ घटकांवर काढतात : दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. ज्या घटकाचा उपनिर्देशांक सर्वात जास्त तोच त्या दिवशीचा निर्देशांक. रासायनिक कारखान्यातून निसटणारी द्रावकांची वाफ किंवा सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड या आठांत नाहीच. वर बहुतेक घटकांची चोवीस तासांची सरासरी घेतात. रात्री दोन ते चार जे काही घडले ते उरलेल्या बावीस तासांत विरघळून जाते. कल्याणला खडकपाड्यात स्वयंचलित केंद्र आहे, पण खडकपाडा म्हणजे एमआयडीसी नव्हे. म्हणून एकच रंगीत निर्देशांक दाखवून भागत नाही. तासातासाचे मूळ आकडे, घटक सुटे करून, वाऱ्याच्या दिशेसह मिळाले पाहिजेत. दोनचा वास आणि दोनचा वारा एकत्र ठेवला की तो कुठल्या बाजूने आला एवढे तरी सांगता येते.

आणि जाहीर केलेला आकडा काय करू शकतो, हेही याच गावाने पाहिले आहे. २००९ च्या अखेरीस केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचे गुणांकन प्रसिद्ध केले. सत्तरच्या वर गुण म्हणजे अतिगंभीर, डोंबिवलीला ७८.४१ मिळाले. परीक्षेत एवढ्या गुणांना पेढे वाटतात. इथे जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ क्षेत्रांत नव्या आणि विस्तारित उद्योगांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबल्या. वर्षानुवर्षांच्या तक्रारअर्जांनी जे झाले नव्हते ते एका यादीने काही काळ तरी झाले. पुढे जून २०१७ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धूलिकणांवरून त्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली आणि ते नावानिशी लोकांसमोर ठेवले. योजना छोटी आहे, फक्त धूलिकणांची आहे. तरी शेजारच्या कारखान्याला किती तारे, हे शाळकरी मुलालाही समजते.

याच्या उलट टोकाला, २६ मे २०१६ च्या प्रोबेस स्फोटात बारा माणसे गेली, तर त्याच्या चौकशीचा अहवाल वाचण्यासाठी नागरिकांना माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. २३ मे २०२४ ला त्याच एमआयडीसीत पुन्हा मोठा स्फोट झाला.

कायदा कमी पडतो असे नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की लोकांनी मागण्याआधीच माहिती आपणहून द्यावी. केंद्राने २०१२ मध्ये शासकीय विदा खुला करण्याचे धोरण केले. महापालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. पण तो अनेकदा छापील पानांच्या छायाचित्रांच्या रूपात मिळतो. त्यातले आकडे वाचता येतात, त्यांची बेरीज करता येत नाही. दहा वर्षांचे अहवाल घेऊन एका तलावाचा आलेख काढायचा म्हणजे एकेक आकडा हाताने उतरवायचा. मी तो उद्योग केला आहे. तिसऱ्या वर्षी नमुना घेण्याची जागा बदलली होती आणि तसे नोंदवलेले नव्हते, हे सातव्या वर्षाला पोचल्यावर लक्षात आले.

अधिकारी आकडे द्यायला का कचरतात, हेही समजून घेतले पाहिजे. एका अभियंत्यांनी मला मोकळेपणाने सांगितले, “बाई, चुकलेला आकडा बाहेर गेला तर बदली माझी होते, आकडा दिलाच नाही म्हणून कोणाची बदली झाल्याचे ऐकलंय का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. चुकलेला आकडा ‘तपासलेला नाही’ असा शिक्का मारून देता येतो, जगभर तसा देतात, पण त्या शिक्क्यामागे उभे राहणारा वरिष्ठ लागतो. दुसरी भीती जागेच्या भावाची आहे, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही.

उल्हासच्या पूररेषा हे त्याचे उदाहरण. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये अटींवर. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी माणूस निर्धास्त होतो. त्याचा खरा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. तीही पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील असे धरून, कारण रेषा जुन्या नोंदींवरूनच काढतात. बदलापूरने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांच्या अंतरात पाहिले. या रेषा नव्या आकड्यांनी पुन्हा तपासायच्या तर ते आकडे एकाच खात्याच्या कपाटात असून भागणार नाही.

गेल्या वर्षी माझा भाचा बदलापूरला नदीच्या बाजूला घर घेत होता. पूररेषेचा नकाशा मिळाला, पण तो कागदावरून टिपलेला आणि गट क्रमांकांचा. त्याच्या करारपत्रात इमारतीचे गोंडस इंग्रजी नाव. आम्ही जेवणाच्या टेबलावर नकाशा, सातबारा आणि मोबाइलवरचे उपग्रहचित्र शेजारी ठेवून दोन तास बसलो. अखेर जागा सापडली. लाल रेषा इमारतीच्या वाहनतळातून जात होती. भाचा बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याने बिल्डरला फोन केला आणि पहिल्याऐवजी चौथा मजला मागून घेतला.