रविवारची गाडी की सोमवारची?

गाडी घ्यायची ठरली की घरात पहिला वाद रंगावर होतो, दुसरा किमतीवर. गाडी दारात येते, पेढे वाटून होतात आणि मग पहिल्याच लांबच्या प्रवासात मागच्या सीटवरून हाक येते, “अरे, जरा बेताने घे! कंबर मोडली माझी!” ही कंबर दुकानात कोणाच्याच ध्यानात आलेली नसते. साध्या मोटारीत हे एक वेळ खपून जाते. परंतु पाठीमागे माल ठेवण्याचा उघडा हौदा, पुढे चारपाच माणसांची केबिन आणि डोंगरदऱ्यांत शिरण्याची ताकद असा थाट असलेल्या पिकअप गाडीत ते खपत नाही. तिथे एकाच नावाच्या गाडीचे चारपाच प्रकार असतात. विक्रेते त्यांना ‘व्हेरिअंट’ म्हणतात. यांतला महाग तोच आरामाचा, अशी आपली भाबडी समजूत असते. ती कितपत खरी, हे जरा पाहू.

या गाडीचे एक माहेर ऑस्ट्रेलियात आहे. तिथे तिला लाडाने ‘यूट’ म्हणतात. तिच्या जन्माची हकीकत तिकडे अशी सांगतात, की १९३०नंतरच्या मंदीच्या दिवसांत एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले. रविवारी आम्हांला नीटनेटक्या कपड्यांत चर्चला नेईल आणि सोमवारी डुकरे बाजारात पोचवील, अशी एकच गाडी आम्हांला द्या, असे तिचे मागणे होते. फोर्डच्या जिलाँग येथील कारखान्यातल्या ल्यूइस बँट या तरुण अभियंत्याने तशी गाडी आखली आणि १९३४ साली ती बाजारात आली. म्हणजे आराम आणि ओझे यांचे भांडण या गाडीच्या पाळण्यातलेच आहे. आज नव्वद वर्षांनंतरही ते मिटलेले नाही. फरक इतकाच, की आता ते निरनिराळ्या प्रकारांत वाटून दिले आहे.

उदाहरणाला फोर्डचीच ‘रेंजर’ घेऊ. तिची रचना ऑस्ट्रेलियात झाली, बांधणी थायलंडमध्ये होते आणि २०२३ साली ती ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त खपलेली गाडी ठरली. मेलबर्न-सिडनीकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतूनही अशा गाड्यांची चर्चा चालते. आईवडील चारसहा महिन्यांसाठी तिकडे जातात, तेव्हा मागच्या सीटवर बसतात ते तेच! म्हणून हा प्रश्न केवळ हौशी तरुणांचा नव्हे.

पाट्यांचा स्वभाव

ट्रकच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेले लोखंडी पाटे आपण सर्वांनी पाहिले आहेत. रेंजरच्या बहुतेक प्रकारांत मागे असेच पाटे असतात. पाटा हा मोठा कष्टाळू गडी आहे. सुमारे एक टन ओझे तो बिनतक्रार पेलतो. पण ओझे नसले म्हणजे हाच गडी ताठर होतो.

याचे गणित अगदी सोपे आहे. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर ७०० किलो भार येतो आणि माल भरल्यावर १६०० किलो. भरलेली गाडी सेकंदाला १.३ वेळा झुलत असेल, तर तेच पाटे रिकाम्या गाडीला सेकंदाला जवळजवळ २ वेळा झुलवतील. चांगल्या घरगुती मोटारीचा झोका सेकंदाला एक ते दीड वेळा असतो, आणि तोच अंगाला मानवतो. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात. त्यामुळे रस्त्यावरची बारीक खडबड त्यांना हलवूच शकत नाही आणि ती जशीच्या तशी वर चढते. उभ्या दिशेने सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे हादरे माणसाच्या धडाला सर्वांत त्रासदायक असतात. खडबडीत रस्त्यावर रिकाम्या पिकअपमध्ये पाठ का भरून येते, याचे उत्तर इथेच आहे.

२०२२ साली रेंजरची नवी पिढी बाजारात आली, तेव्हा अभियंत्यांनी मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर सांगाड्याच्या आतून काढून बाहेरच्या बाजूला, चाकांजवळ नेले. शॉक जितका चाकाजवळ, तितका त्याचा धाक अधिक. गाडी डावीउजवीकडे डोलते ती यामुळे कमी झाली. ही सुधारणा पाट्यांच्या साध्या प्रकारांनाही मिळाली.

वरचा प्रकार म्हणजे काय वरचे?

आता साध्या ‘एक्सएलटी’वरून ‘वाइल्डट्रॅक’कडे चढू. पैसे बरेच वाढतात. बैठकीला चामडे येते, समोर मोठा पडदा येतो, दिव्यांची आरास येते. पण मागे वाकून पाहिले, तर पाटे आहेतच! चामड्याने बूड सुखावते, कणा सुखावत नाही.

एवढेच नव्हे, तर हौसेपायी आराम कमी होण्याचाही धोका असतो. वाइल्डट्रॅकला १८ इंची चाके असतात. ऑस्ट्रेलियात तिला २० इंची चाके घेण्याचीही सोय होती. दिसायला ती राजबिंडी दिसतात. परंतु टायरवरचे आकडे वाचा. १८ इंची टायरवर २५५/६५ असते. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर आणि उंची तिच्या ६५ टक्के, सुमारे १६६ मिलिमीटर. २० इंची टायरवर २५५/५५ असते, म्हणजे उंची फक्त १४० मिलिमीटर. खड्डा प्रथम झेलते ती टायरमधली हवेची उशी, आणि ती आपण पदरचे पैसे देऊन २६ मिलिमीटरने पातळ करून घेतो!

२०२३ साली ‘वाइल्डट्रॅक एक्स’ आली. तिने शहाणपणाचा मार्ग धरला. चाके उलट लहान, १७ इंची केली, त्यांवर जाड टायर चढवले आणि बिलस्टाइन कंपनीचे निराळ्या धाटणीचे शॉक बसवले. पाटे तेच, पण लगाम चांगला. कच्च्या रस्त्यावर तो कामी येतो.

रॅप्टरचे गुपित

सर्वांत वर ‘रॅप्टर’. हिचे डोळे वटारलेले रूप पाहून कोणालाही वाटावे, की ही गाडी हाडे खिळखिळी करणार. गंमत अशी, की खराब रस्त्यावर याच गाडीत माणूस सर्वांत सुखात असतो. कारण इथे पाट्यांना रजा दिली आहे. मागेही वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आहेत. पाटे काढल्यावर ॲक्सल बाजूला सरकू नये, म्हणून जेम्स वॅटने वाफेच्या यंत्रासाठी १७८४ साली पेटंट घेतलेली दांड्यांची जुळणी तिथे वापरली आहे. अडीच शतकांपूर्वीची युक्ती, पण अजून खणखणीत!

फॉक्स कंपनीचे अडीच इंची जाड शॉक हे तिचे दुसरे बळ. चाक थोडे हलले तर आतले तेल सहज वाट काढते. चाक फार वर येऊ लागले, तर वाट अरुंद होते आणि धक्का शेवटच्या टप्प्यात थोपवला जातो. टायर २८५/७० मापाचे, म्हणजे हवेची उशी सुमारे २०० मिलिमीटर. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातला ६६० किलोमीटरचा गिब रिव्हर रोड पन्हाळी पत्र्यासारख्या लाटालाटांसाठी प्रसिद्ध आहे. तसल्या रस्त्यावर तासन्‌तास चालताना शॉकमधले तेल तापते आणि साधा शॉक थकतो. जाड शॉकला दम जास्त असतो.

मग सगळ्यांनी रॅप्टरच घ्यावी काय? थांबा. मऊ स्प्रिंगेची किंमत ओझ्याने चुकवावी लागते. बाकीच्या बहुतेक रेंजर ३५०० किलोपर्यंतची गाडी मागे ओढतात, रॅप्टर २५०० किलोच ओढते. ऑस्ट्रेलियात विकल्या गेलेल्या रॅप्टरची भार वाहण्याची मर्यादाही सुमारे ७०० किलो आहे. पाच धडधाकट माणसे आणि त्यांचे सामान धरले, तर उरते किती? तिचे पेट्रोल इंजिन तीन लिटरचे, त्याची भूक मोठी. आणि गाडी उंच असल्याने, बसल्यावर जिची कंबर सुखावणार, त्या आजीचे गुडघे चढतानाच कुरकुरतात.

पारख कशी करावी?

आपल्याकडे मिळणाऱ्या टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस यांच्या मागेही पाटेच आहेत. तेव्हा पारख करण्याची रीत इथे आणि तिथे एकच. पहिली गोष्ट, चालवून पाहताना घरातले सर्वांत वडील माणूस मागच्या सीटवर बसवा. ती सीट मागच्या ॲक्सलच्या अधिक जवळ असते, आणि हौद्यामुळे तिची पाठही बहुधा ताठ ठेवावी लागते. पुढे बसणाऱ्याला जे कळत नाही, ते तिथे कळते. दुसरी गोष्ट, दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर समाधान मानू नका. ठिगळे लावलेल्या रस्त्यावरून ताशी ३०-४०च्या वेगाने गाडी न्या, गतिरोधकावरून सावकाश न्या. तिसरी गोष्ट, टायरमधली हवा तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे निरनिराळे दिलेले असले, तर भरलेल्या गाडीची हवा घालून रिकामी गाडी फिरवणे म्हणजे आपण होऊन हाडांशी वैर करणे. आणि चौथी, गाडी घेतल्यावर कोणाच्या सांगण्यावरून आणखी कडक पाटे घालू नका. हौद्यात रोज जड ओझे असेल, तरच त्यांचा उपयोग.

मुख्य हिशेब मात्र घरीच करावा. वर्षातले किती दिवस हौदा भरलेला असेल आणि किती दिवस सीटा भरलेल्या असतील? बहुतेक दिवस ओझ्याचे असतील, तर साधा पाट्यांचा प्रकार घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्यावेत. बहुतेक दिवस माणसांचे आणि वाईट रस्त्यांचे असतील, तर पैसे स्प्रिंगांवर आणि शॉकवर खर्च करावेत. केवळ दिव्यांवर, चामड्यावर आणि मोठ्या चाकांवर जे खर्च होते, ते शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठी असते. आपल्या घरचा रविवार मोठा की सोमवार, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला विक्रेत्याचे पुस्तक वाचण्याची फारशी गरज पडत नाही.