पॅकेज सांभाळायला घ्यायचं, तर अर्ज कुठे करायचा?

मंडळी, निफाडला हा विषय बोलायचा तर द्राक्षांपासून सुरुवात केलेली बरी. माल शेतकरी पिकवतो, पण युरोपला जाणारी पेटी पॅकहाउसमध्ये भरली जाते. तिथे मणी निवडतात, वजन करतात. औषधाच्या अंशाची तपासणी झालेली असते आणि पेटी कुठल्या प्लॉटमधली, ते ग्रेपनेटवर सापडतं. लिनक्समध्येही तसंच आहे. प्रोग्राम लिहिणारा वेगळा, तो तपासून, बांधून आपल्या संगणकापर्यंत पोचवणारा वेगळा. या दुसऱ्याला पॅकेज मेंटेनर म्हणतात, आणि डेबियनसारख्या वितरणात हे काम मुख्यतः स्वयंसेवकांचं.

डेबियन १९९३ सालचं. तिथे मेंटेनर व्हायला अर्ज असतो, पण तो शेवटी येतो, आधी काम. मालक नसलेल्या, म्हणजे ‘अनाथ’ पॅकेजांची यादी तिथे उघडी असते. नव्या माणसाने नवीन काही आणण्यापेक्षा त्यातलं एक उचलावं, असं आमचं मत. पॅकेज बांधायचं, लिंटियन नावाच्या तपासनिसाकडून चुका काढून घ्यायच्या, मग एखाद्या डेबियन डेव्हलपरला विनंती करायची की बाबा, हे बघून तुमच्या सहीने चढवा. त्याला स्पॉन्सर म्हणतात. तो परत पाठवतो, आपण दुरुस्त करतो, तो पुन्हा पाठवतो. सगळ्यात जास्त वेळ खातो तो कॉपीराइट फाइलीत. कुठली फाइल कोणाची, कुठल्या परवान्याखाली, हे एकेक लिहावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण चुकवता येत नाही.

असं काही काळ चाललं की ‘डेबियन मेंटेनर’साठी अर्ज करायचा. संस्थेचा सामाजिक करार मान्य आहे असं सही करून लिहायचं. आपलं काम पाहिलेल्या डेव्हलपरची शिफारस लागते, आणि आपल्या डिजिटल किल्लीवर डेव्हलपरची सही. ही सही साधारणपणे समोरासमोर भेटून, ओळखपत्र बघून होते. अर्ज मान्य झाला तरी सगळं गोदाम उघडत नाही. ज्या पॅकेजांची परवानगी दिली, तेवढीच स्वतः चढवता येतात.

एवढा अविश्वास कशाला, असं विचारतात लोक. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खटकलं, म्हणून सापडला. डेबियनच्या चाचणीच्या शाखांत तो पोचला होता, स्थिर आवृत्तीत नव्हता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं नीट काम करून मूळ प्रकल्पाचे हक्क मिळवले होते. मूळ लेखक एकटा आणि दमलेला. खरं बोलायचं तर ओळखपत्र बघून हेतू कळत नाही. पण एका पॅकेजमागे चार माणसं असती, तर हे एवढं सोपं गेलं नसतं.

म्हणून आम्ही म्हणतो, एकट्याने मिरवू नका, एखाद्या गटात शिरा. आपल्याला जवळचा गट फाँटचा. लोहित हे फाँट रेड हॅटच्या पुण्यातल्या माणसांनी वर्षानुवर्षं सांभाळले, २०११ मध्ये ते खुल्या फाँट परवान्याखाली आले. डेबियनमध्ये लोहितचं मराठीसाठी वेगळं पॅकेज आहे, कारण आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा. अशा पॅकेजात गंभीर दोष निघाला आणि कोणी लक्षच दिलं नाही, तर ते पुढच्या आवृत्तीच्या शाखेतून काढलं जातं. मग तक्रार कोणाकडे करणार?

राहिला सहीचा प्रश्न. निफाडात बसून डेव्हलपर कुठे भेटणार? सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीला झाली होती. छोट्या मिनी परिषदाही भारतात होतात. जाताना ओळखपत्र घ्या, आणि किल्लीचा ठसा कागदावर छापून न्या. दहा-बारा चिठ्ठ्या असू द्यात.