आधी प्रकाशाचा हिशेब, मग फुल-फ्रेमचा

लग्नसराई सरली आणि हाती थोडे पैसे राहिले की जळगाव-धुळ्याकडच्या अनेक फोटोग्राफरांच्या मनात एकच विचार घोळू लागतो: जुना कॅमेरा काढून फुल-फ्रेम घ्यावा का? केवळ हौस म्हणून फोटो काढणाऱ्यांनाही तो सुटत नाही. बॉडीची किंमत साधारण लाखाच्या आसपास सुरू होते आणि तिला साजेशी चांगली लेन्स घ्यायची तर जवळपास तेवढेच पैसे पुन्हा मोजावे लागतात. लहान स्टुडिओसाठी ही मोठी गुंतवणूक आहे. तरीही निर्णय बहुतेक वेळा जाहिरात पाहून किंवा शेजारच्या स्टुडिओने काय घेतले ते पाहून होतो. माझ्या मते त्याची खरी कसोटी वेगळी आहे. ज्या कामात प्रकाश आपल्या हातात नसतो, तिथे मोठा सेन्सर पैसे वसूल करून देतो. जिथे प्रकाश आपण ठरवू शकतो, तिथे तो फारसे काही देत नाही.

फुल-फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. हे माप डिजिटल युगाच्या कितीतरी आधीचे आहे. जर्मनीतल्या लाइट्स कंपनीत ऑस्कर बर्नाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरून छोटा कॅमेरा तयार केला, १९२५ मध्ये तो लायका या नावाने बाजारात आला आणि त्याच्या निगेटिव्हचा आकार जगभर रूढ झाला. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनवणे फार महाग होते. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत सुमारे २३.५ बाय १५.६ मिमीचा लहान सेन्सर बसवला गेला. त्यालाच आपण क्रॉप सेन्सर म्हणतो. कॅननचा ५डी २००५ मध्ये आला आणि फुल-फ्रेम सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यात येऊ लागला. क्षेत्रफळ काढले तर फुल-फ्रेम ८६४ चौरस मिमी आणि क्रॉप सुमारे ३६७, म्हणजे जवळपास २.३५ पट. फ्रेम, अ‍ॅपर्चर आणि शटर तेच ठेवले तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाशही तितक्याच पटीने जास्त पडतो. याचा फायदा दिसतो तो अंधारात. प्रकाशाचे कण सेन्सरवर एकसारखे पडत नाहीत. एखाद्या ठिपक्यावर सरासरी १०० कण पडत असतील तर त्यात दहाएकाचा चढउतार असतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर चढउतार शंभराचा, म्हणजे अवघा १ टक्का. हा चढउतारच फोटोत दाणेदारपणा होऊन दिसतो. प्रकाश २.३५ पट झाला की चित्राची स्वच्छता साधारण दीडपट वाढते. फायदा खरा आहे, पण त्याला मर्यादा आहे.

ती मर्यादा लेन्सचा हिशेब मांडला की स्पष्ट होते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. तिच्या जागी एफ/१.८ ची साधी ५० मिमी लेन्स लावली, तर सेन्सरपर्यंत साडेनऊ पटीहून अधिक प्रकाश पोहोचतो. दहा-बारा हजारांच्या आसपास मिळणारी लेन्स साडेनऊ पट देते आणि लाखाची बॉडी २.३५ पट. नव्या फुल-फ्रेमवर एफ/४ ची झूम लावणारा माणूस क्रॉप कॅमेऱ्यावर एफ/१.८ लावणाऱ्याच्या मागेच राहतो, कारण एफ/४ आणि एफ/१.८ यांत जवळपास पाच पटींचा फरक आहे. जुन्या लेन्सा नव्या बॉडीवर चालतील, या भरवशावरही कोणी राहू नये. क्रॉपसाठी बनवलेली लेन्स फुल-फ्रेमवर लावली तर सेन्सरचा मधला भागच वापरता येतो आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून जेमतेम १० मेगापिक्सेलचा फोटो हाती येतो.

मग मोठा सेन्सर हवा कुठे? उत्तर जळगावहून साठेक किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत रंगांच्या रक्षणासाठी फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते आणि आतला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. इथल्या चित्रांनी प्रत्येक पिढीच्या साधनांची परीक्षा घेतली आहे. मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला आणि १८६४ मध्ये त्यांची स्टिरिओ छायाचित्रे पुस्तकरूपाने निघाली. पण चित्रांच्या नकला त्यांना कुंचल्यानेच कराव्या लागल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. १९९१ मध्ये बिनॉय बहल यांनी कृत्रिम झगमगाट न करता, आहे त्या मंद उजेडात ही चित्रे फिल्मवर टिपली, तेव्हा त्यांतले रंग जगाला नव्याने दिसले. अशा ठिकाणी छायाचित्रकाराला एक किरणही वाढवता येत नाही. मिळेल तेवढा गोळा करणे एवढेच हाती उरते. आधी मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स, मग हात स्थिर ठेवणारी स्टॅबिलायझेशनची सोय आणि त्यानंतर मोठा सेन्सर, अशी इथली चढती भाजणी आहे. पहिल्या दोन पायऱ्या चढलेल्या माणसासाठी तिसरी नक्कीच मोलाची आहे.

जळगाव जिल्ह्यात उलट बाजूचा पुरावाही आहे. चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनाजवळ कलामहर्षी केकी मूस यांचे घर आहे. १९१२ मध्ये मुंबईत जन्मलेले, इंग्लंडमध्ये शिकून आलेले मूस आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे बहुतांशी या घरातच राहिले आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी वारले. टेबलटॉप छायाचित्रणात त्यांनी मोठे नाव कमावले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेडाची दिशा ठरवायची आणि खरा वाटावा असा देखावा उभा करायचा, ही ती कला. घराला त्यांनी दिलेले ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ हे नाव छायाप्रकाशाच्या एका महान चित्रकाराचे आहे. वस्तू हलत नाही, उजेड आपला आहे, घाई नाही. अशा कामात आयएसओ १०० वर सावकाश शटर ठेवता येते आणि दोन्ही सेन्सरांतला फरक जवळजवळ नाहीसा होतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत तशा जुन्या कागदपत्रांचे आणि हस्तलिखितांचे फोटो काढायचे झाले तरी हेच लागू पडते. स्टँड, दोन्ही बाजूंनी सारखा मऊ उजेड आणि कडेपर्यंत स्पष्ट टिपणारी लेन्स असली की पुरे. दागिने, केळीच्या चिप्सची पाकिटे, दुकानाचा माल, पासपोर्ट फोटो ही स्टुडिओची रोजची कामे याच वर्गातली आहेत.

पक्षी टिपणाऱ्यांचा हिशेब तर आणखी निराळा. हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात येणारे पक्षी किनाऱ्यापासून दूर असतात. क्रॉप कॅमेऱ्यावर ३०० मिमीची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ४५० मिमीएवढे जवळचे दृश्य देते. दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे असतील तर त्याच लेन्सने पक्ष्यावर अधिक पिक्सेल येतात ते क्रॉपमध्ये. सकाळच्या स्वच्छ उन्हात हा कॅमेरा बदलणे म्हणजे पैसे देऊन पक्षी लांब ढकलणे.

यावर काही आक्षेप येतील आणि ते वजनदार आहेत. पहिला, ग्राहकच फुल-फ्रेम मागतो. पण ग्राहक पाहतो तो अल्बम. २४ मेगापिक्सेलचा फोटो, सेन्सर कोणताही असो, ३०० डीपीआयला सुमारे २० बाय १३ इंच छापता येतो. दुसरा, फुल-फ्रेमवर मागचे दृश्य जास्त धूसर होते. होते खरे, पण क्रॉपवर एफ/१.८ ला मिळणारी धूसरता फुल-फ्रेमवरच्या साधारण एफ/२.७ इतकी असते आणि पोर्ट्रेटला ती बहुतेक वेळा पुरते. तिसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो: आता सॉफ्टवेअर दाणे पुसून टाकते, मग मोठा सेन्सर कशाला? लग्नाच्या फोटोत ही सोय चालून जाते. पण सॉफ्टवेअर हरवलेला तपशील अंदाजाने भरते. भित्तिचित्रातली बारीक भेग कोणती आणि फोटोतला दाणा कोणता, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. नोंद म्हणून जपायच्या चित्रात अंदाजाला जागा नसावी.

सर्वांत सबळ बाजू आहे ती लग्नाच्या व्यावसायिकाची. उन्हाळ्यात बरेच कार्यक्रम सूर्य कलल्यावर होतात. हळद संध्याकाळी, वरात रात्री, मंगल कार्यालयात रंगीबेरंगी दिवे, आणि माणसे सतत हलती. नाचणारा माणूस टिपायला शटर जलद लागते, तिथे स्टॅबिलायझेशन उपयोगी पडत नाही. दूरवर फ्लॅश पोहोचत नाही, जवळून मारला तर प्रसंगाचा रंग जातो. ज्याचे उत्पन्न अशा रात्रींवर अवलंबून आहे आणि ज्याच्याकडे एफ/२.८ किंवा त्याहून उघड्या, फुल-फ्रेमला चालणाऱ्या लेन्सा आहेत, त्याने हा कॅमेरा जरूर घ्यावा.

बाकीच्यांनी आधी गेल्या वर्षभरातले आपले फोटो उघडावेत आणि बिघडलेले वेगळे काढावेत. हलल्यामुळे बिघडले असतील तर ट्रायपॉड किंवा जलद शटर, उजेड वाईट होता म्हणून बिघडले असतील तर फ्लॅश आणि सॉफ्टबॉक्स, अंधारामुळे बिघडले असतील तर एफ/१.८ ची लेन्स, हा त्यांवरचा पहिला इलाज आहे. लेन्स घेताना ती फुल-फ्रेमला चालणारी घ्यावी, म्हणजे तो पैसा पुढे वाया जात नाही. एवढे करूनही आयएसओ ६४०० वरचे दाणेच आड येत असतील, तर एखाद्या कार्यक्रमासाठी फुल-फ्रेम भाड्याने आणून तुलना करावी. फरक दिसला तरच कर्ज काढावे. नाही दिसला तर तो पैसा उजेडावर आणि लेन्सवर लावावा.