हत्यारांची उसनवारी

इंदूरला मोटारींचे वेड नवे नाही. यशवंतराव होळकर महाराजांसाठी १९३५ साली अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कारखान्याची गाडी तयार झाली आणि लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कारागिरांनी तिच्यावर साज चढवला. मोटारींचे शौकीन त्या गाडीचे नाव अजूनही आदराने घेतात. मी आज जिच्याविषयी लिहिणार आहे त्या मोटारीला मात्र दार नाही, छप्पर नाही, काच नाही आणि बसायला जागा एकच. ती कोणा महाराजांनी विकत घेतलेली नाही. वीस-एकवीस वर्षांच्या पोरापोरींनी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आपल्या हातांनी ती बनवली आहे. त्या पोरांत माझी नात आहे, म्हणून या गोष्टीशी माझा संबंध आला. एरवी सायकलची साखळी उतरली तरी दुकान शोधणारा मी माणूस!

एके दिवशी संध्याकाळी ती घरी आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “आबा, पणजोबांची हत्यारांची पेटी अजून आहे ना? तिच्यात अर्धगोल कानस असेल का?”

पेटी होती. पलंगाखाली, कुलूपबंद. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, इथल्या एका कापड गिरणीत फिटर होते. इंदूरच्या गिरण्यांचे भोंगे ज्यांनी ऐकले आहेत त्यांना फिटर म्हणजे काय हे सांगायला नको. चालत्या यंत्राला पेचकसाचे टोक लावून त्याची लाकडी मूठ ते कानाशी धरीत आणि कुठले बेअरिंग कुरकुरते आहे ते सांगत. कानशीने घासलेला पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे पाहायला निळा रंग लावीत आणि उठलेले ठिपके पाहून पुन्हा घाशीत. पण ही विद्या त्यांनी कोणाला दिली नाही. हाताखालच्या पोऱ्याला ते ऐन कामाच्या वेळी चहा आणायला पाठवीत, हे मी स्वतः पाहिले आहे. हत्यार उसने देण्याचे तर नावच नको. “हत्यार आणि हात, दोन्ही देऊ नयेत,” असे ते म्हणत.

लहानपणी मला तो निव्वळ कंजूषपणा वाटे. पुढे आईकडून त्याचे कारण कळले. दादांच्या आधीच्या फिटरने तीन पोरांना हौसेने तयार केले होते. गिरणीने त्यालाच कमी केले आणि त्या तिघांतल्या एकाला निम्म्या पगारावर त्याच्या जागी उभे केले. तेव्हा दादांची पेटी म्हणजे नुसती पेटी नव्हती. आमच्या घरातल्या पाच माणसांचे धान्य तिच्यात कोंडलेले होते. १९७८ साली ते गेले आणि त्यांच्या कानात व बोटांत जे होते तेही त्यांच्याबरोबर गेले. माझ्याकडे राहिली ती किल्ली.

म्हणून नातीने कानस मागितली तेव्हा मी लगेच हो म्हटले नाही. “उद्या बघू,” म्हणालो. रात्री पेटी उघडली. प्रत्येक हत्यार तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले, जणू काल ठेवलेले. सकाळी नातीने एकेक वस्तू निरखून पाहिली. दादांचा सर्वांत मोठा ठेवा म्हणजे आटे पाडण्याचे टॅप आणि डाय; पण ते तिने हळूच परत ठेवले. “आबा, हे इंची मापाचे आहेत, व्हिटवर्थचे. आमच्या गाडीचे सगळे आटे मेट्रिक.” इतकी वर्षे जिवापाड जपलेली वस्तू जपता जपताच निरुपयोगी झाली होती. कानस मात्र चालणार होती. कानशीला इंच आणि सेंटिमीटर दोन्ही सारखेच.

कानस पोचवायला मीही गेलो. हत्यारावर नजर ठेवावी हा हेतू होता, हे कबूल करतो.

या पोरांचे काम काय ते थोडक्यात सांगतो. ‘बाहा’ नावाची एक स्पर्धा आहे. १९७६ साली अमेरिकेत साऊथ कॅरोलायना विद्यापीठात ती सुरू झाली, आणि २००७ सालापासून तिचा भारतीय अवतार आपल्या पिथमपुरात भरू लागला. विद्यार्थ्यांनी खाचखळग्यांतून धावणारी एक आसनी गाडी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि स्वतः चालवायची. पेट्रोलच्या गाड्यांना इंजिन एकाच ठरावीक जातीचे, सुमारे दहा अश्वशक्तीचे. तेव्हा जास्त पैसे टाकून जास्त ताकद विकत घेण्याची सोय नाही. जो काही फरक पडायचा तो सांगाड्यात, जोडकामात आणि डोक्यात. शेवटची शर्यत सलग चार तासांची. तिच्या आधी कडक तपासणी: गाडी उलटली तरी चालकाच्या डोक्याला इजा होऊ नये असा नळ्यांचा पिंजरा, चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे, आणि ब्रेक दाबताच चारही चाके जागच्या जागी जखडली पाहिजेत.

हा पिंजरा साधारण एक इंच जाडीच्या पोलादी नळ्यांचा. एक नळी दुसऱ्या नळीवर टेकते तिथे तिचे टोक माशाच्या उघड्या तोंडासारखे कापून घासावे लागते, म्हणजे ते गोलाईवर चपखल बसते. फट राहिली तर वेल्डिंग करणारा ती धातूने भरून काढतो. वरून सांधा छान दिसतो आणि आतून कच्चा राहतो. त्यासाठीच अर्धगोल कानस हवी होती.

वर्कशॉपच्या भिंतीवर एक मोठी फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली. पाना जागेवर नसेल तर त्याची नुसती सावली दिसे. खाली एक वही. तिच्यात रकाने पाच: हत्यार, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. पाचव्या रकान्याचे शीर्षक वाचून मी थबकलो: ‘चालवायला कोणाला शिकवले?’

मी नातीला विचारले. ती म्हणाली, “आबा, आमच्यात चार वर्षांनी माणूस जातोच. तीन वर्षांपूर्वी एकच सीनियर उत्तम वेल्डिंग करायचा. सगळे सांधे तोच जोडायचा, कारण वेळ वाचायचा. तो नोकरीला गेला आणि पुढच्या वर्षी आमचा पिंजरा तपासणीतच नापास झाला. तेव्हापासून हा रकाना आहे.”

इतक्यात पलीकडे दादांच्या कानशीचा आवाज आला, आणि मला राहवेना. एक मुलगा ती पुढे-मागे दोन्हीकडे सारख्याच जोराने दाबून घाशीत होता. मी जवळ गेलो. “बाळ, पुढे जाताना दाब दे. मागे येताना नुसती उचलून आण. कानशीचे दात एकाच दिशेला कापतात. उलट दाबलेस तर बोथटतील.” मला फिटरकाम येत नाही. दादांनी मला ते शिकवलेही नाही. पण पोर पाहत असते, आणि पाहिलेले कुठेतरी राहते. त्या मुलाने तसे करून पाहिले, आवाज बदलला, आणि त्याने वहीच्या पाचव्या रकान्यात माझ्यासमोर लिहिले: ‘आबांनी मला.’

त्या दिवशी येताना मीही एक वस्तू उसनी आणली. कपाटात लोटस मोटारींविषयी एक जुने इंग्रजी पुस्तक होते. वहीत नाव लिहून ते घेतले. त्यात इंग्लंडमधल्या अशाच एका मंडळाची हकिकत सापडली. त्याचे नाव ‘सेव्हन फिफ्टी मोटर क्लब’, स्थापना १९३९. ऑस्टिन सेव्हन ही १९२२ साली निघालेली छोटी, स्वस्त गाडी. महायुद्धानंतर या जुन्या गाड्या कवडीमोलाने मिळत. बेताच्या मिळकतीची माणसे त्यांचे जुने खोके काढून टाकीत आणि त्याच सांगाड्यावर व ७४७ सीसीच्या इंजिनावर शर्यतीची गाडी उभी करीत. हॉलंड बर्केट हे क्लबचे एक आधारस्तंभ. व्यवसायाने ते गुरांचे डॉक्टर. कोणी काही नवे करून पाहिले की ते क्लबच्या पत्रिकेत लिहायचे, म्हणजे दुसऱ्याला पुन्हा ठेचकाळायला नको. पुढे बिल विल्यम्स या सभासदाने १९५८ साली अशा गाड्या कशा बांधाव्या यावर एक पुस्तकच लिहिले.

याच क्लबातून कॉलिन चॅपमन वर आला. त्याची पहिली गाडी १९४८ मधली, भावी पत्नीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात बांधलेली. मग त्याची मायकेल आणि नायजेल ॲलन या भावांशी गाठ पडली. त्यांच्याकडे सुसज्ज वर्कशॉप होते. तिघांनी मिळून एकसारख्या तीन गाड्या बांधायच्या असे ठरले. १९५१ च्या हंगामात प्रत्यक्षात पुरी झाली ती एकच, आणि ती चॅपमनने चालवली. ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडरांना हवा-पेट्रोल आत घ्यायच्या वाटा दोनच. दोन शेजाऱ्यांत एक नळ असावा तशा. चॅपमनने त्या वाटांत पडदा घालून चारांच्या चार केल्या. गाडी इतरांना मागे टाकून सुटली. पुढच्या हंगामासाठी क्लबने नियम बदलून ती युक्ती बंद केली. १९५२ च्या आरंभी चॅपमन आणि मायकेल ॲलन यांनी लोटस कंपनी काढली; थोड्याच काळात ॲलन तीतून बाहेर पडले. लोटसने पुढे १९६३ ते १९७८ या काळात फॉर्म्युला वनमधले कारखानदारांचे विजेतेपद सात वेळा मिळवले.

मी पुस्तक मिटले तेव्हा माझ्या मनात ती सात विजेतेपदे नव्हती. ठरूनही वेळेवर न झालेल्या दोन गाड्या होत्या. चॅपमनला मी दोष देत नाही. पण मला दादांची पेटी उमगली. रविवारचा छंद असतो तोवर कुलूप लागत नाही. त्यावर पोट चालू लागले की किल्ली कमरेला येते. उदारपणा हा केवळ स्वभावाचा गुण नसतो. माणूस कुठे उभा आहे यावरही तो ठरतो. ‘विद्या दिल्याने वाढते’ असे आपण शाळेत घोकतो. कोणाची वाढते आणि त्याची किंमत कोण भरतो, हे कोणी सांगत नाही.

ती किंमत मी पिथमपुरात पाहिली. थंडी सरत आली होती. ब्रेकच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या तंबूतली दुसऱ्या कॉलेजची मुले आली. त्यांच्या गाडीचे एक मागचे चाक काही केल्या जखडत नव्हते. नातीने पाय दाबून पाहिला आणि म्हणाली, “पेडल स्पंजासारखे लागते आहे. नळीत हवा आहे.” ब्रेकच्या तेलात बुडबुडा राहिला की पायाचा जोर तो बुडबुडा आवळण्यातच संपतो, चाकापर्यंत पोचत नाही. तिने आपल्याकडची तेलाची बाटली आणि छोटा पाना घेतला. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळची बोंडी किंचित सैल करायची, फेसाळ तेल बाहेर आले की बोंडी आवळायची आणि मगच पाय उचलायचा. पहिल्या चाकाचे तिने स्वतः केले. उरलेल्या तीन चाकांना ती हात मागे बांधून उभी राहिली आणि त्यांच्याकडून करून घेतले. आमच्या बाजूच्या एका मुलाचे तोंड आंबट झाले होते. तो मला हळूच म्हणाला, “आबा, हे लोक मागच्या वर्षी आमच्या पुढे होते.”

याही वर्षी ते पुढे राहिले. चार तासांच्या शर्यतीत तिसऱ्या तासाला आमच्या गाडीचा स्टिअरिंगचा दांडा वाकला. तो बदलण्यात जी वीस-पंचवीस मिनिटे गेली ती भरून निघाली नाहीत. बदली दांडा त्या शेजाऱ्यांनी दिला असता तर गोष्ट छान जमली असती. पण तसे झाले नाही, त्यांच्याकडे तो नव्हताच. तो दिला तिसऱ्याच एका चमूने, ज्यांची गाडी तपासणीत बाद झाली होती आणि जे नुसतेच बघत उभे होते.

परतीच्या बसमध्ये मी नातीला विचारले, “काल बाटली दिली नसतीस तर?”

ती खिडकीबाहेर बघत होती. “तर एक क्रमांक वर आलो असतो, आबा. मला माहीत होते.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण पुढच्या वर्षी मी नसेन. आमच्या पोरांना कोणाकडे तरी जावेच लागेल ना.”

मागच्या आठवड्यात मी पुस्तक परत करायला गेलो. फळीवर एक नवी आकृती रंगवलेली दिसली: अर्धगोल कानशीची. जागा रिकामी होती, कारण कानस कामावर होती. वहीत पहिल्या ओळीवर माझ्या नातीचे नाव, नेल्याची तारीख, आणि चौथा रकाना कोरा. कोणीतरी विचारले, “आबा, तुमची कानस घरी न्यायची का?” दादांची मूठ मला आठवली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कुलूपच लावले असते. पण माझे पोट त्या कानशीवर नाही.

पेन मागून घेतले आणि पुस्तकाच्या ओळीवर परतीची तारीख घातली. कानशीचा रकाना तसाच ठेवला.