कोड आला म्हणजे ईसीएम गेला?

जुनी पोकलेन मशीन काम करता करता डिस्प्लेवर एकदम पाच-सहा कोड दाखवते, इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर जायला तयार नसतं, आणि जमलेल्या मंडळींचं लगेच एकमत होतं: ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंट्रोलर, गेला. मालक पैशांची जुळवाजुळव करून नवा कंट्रोलर मागवतो. तोवर मशीन उभी, बँकेचा हप्ता चालूच. नवा कंट्रोलर बसतो आणि तेच कोड पुन्हा येतात. हा खर्च मला फार खुपतो, कारण कित्येकदा खराबी एखाद्या कनेक्टरमध्ये किंवा अर्थच्या वायरीत असते आणि ती साध्या मल्टिमीटरने सापडते.

आता हा प्रश्न फक्त मोठ्या मशीनपुरता राहिलेला नाही. 1 एप्रिल 2021पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना बीएस सीईव्ही-4 हे प्रदूषण-नियम लागू झाले आणि इलेक्ट्रॉनिक इंजिनं सर्रास आली. तीच यंत्रं आता सेकंडहँड बाजारात येत आहेत.

गैरसमज: ज्या पार्टचा कोड, तो पार्ट खराब.

इंजिनाचा कंट्रोलर वेगळा, हायड्रॉलिकचा वेगळा, डिस्प्ले वेगळा. हे सगळे पीळ दिलेल्या दोन वायरींवरून एकमेकांना निरोप पाठवतात. ही कॅन पद्धत बॉश कंपनीने 1986 साली जगापुढे आणली. अवजड यंत्रांत तिच्यावर आधारलेलं जे1939 हे मानक सर्वाधिक दिसतं. वेग, ऑइल प्रेशर, तापमान असं सगळं त्याच जोडीवरून सेकंदाला अडीच लाख बिटच्या वेगाने जातं. नव्या मशीनमध्ये वेग याच्या दुप्पट असू शकतो.

त्यामुळे जोडीत बिघाड झाला की तक्रार तोच कंट्रोलर करतो ज्याच्यापर्यंत निरोप पोहोचला नाही, आणि तो स्वतः अनेकदा धडधाकट असतो. जे1939च्या कोडमध्ये दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो विषय कोणता, एफएमआय सांगतो बिघाड कोणत्या प्रकारचा. एफएमआय 3 म्हणजे व्होल्टेज जास्त, 4 म्हणजे कमी, 5 म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. पण एफएमआय 9 असेल तर अर्थ एवढाच, की अपेक्षित वेळेत निरोप आला नाही. एसपीएन 639 तर थेट या डेटा लाइनचाच आहे. हे दोन दिसले, किंवा एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकाच मिनिटाला नोंदले गेले, तर सेन्सरकडे जाऊ नका; आधी लाइन तपासा.

गैरसमज: लाइन तपासायला कंपनीचा लॅपटॉपच लागतो.

लॅपटॉप उपयोगी आहेच, पण पहिली तपासणी त्याच्याविना होते. जे1939 लाइनच्या दोन टोकांना 120-120 ओहमचे रेझिस्टर असतात. मास्टर स्विच बंद करा, पाचेक मिनिटं थांबा, आणि नऊ पिनांच्या गोल डायग्नॉस्टिक सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांवर मीटर लावा. 60 ओहमच्या आसपास आलं तर दोन्ही टोकं जागेवर आहेत. 120 आलं तर एक टोक गळालं आहे किंवा मधली वायर तुटली आहे. शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

आणि 40 आलं तर? जुन्या मशीनमध्ये हा आकडा फार बोलका असतो. तीन रेझिस्टर समांतर लागले की 40 होतात, म्हणजे कुणीतरी बाहेरून काहीतरी जोडलं आहे. सीटमागचं पॅनेल उघडा; आधीच्या मालकाने बसवलेला जीपीएसचा डबा, वायर सोलून मारलेला टॅप आणि त्यावर काळ्या टेपचे वेढे बऱ्याचदा तिथेच असतात. तो डबा काढून पुन्हा मोजा.

60 आलं म्हणून लाइन निर्दोष ठरत नाही. वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली असेल तर या मापात ती कळत नाही, म्हणून दोन्ही पिना बॉडीशीही मोजा. मग स्विच चालू करून व्होल्टेज पाहा: दोन्ही वायरी अडीच व्होल्टच्या आसपास, त्यातली कॅन-हाय थोडी वर, कॅन-लो थोडी खाली. एखादी शून्यावर किंवा 24 व्होल्टवर बसली असेल तर एकेक कंट्रोलर काढत जा. ज्याला काढल्यावर लाइन पूर्ववत होते, दोष त्याच्यात किंवा त्याच्या फांदीत. सॉकेट आणि रेझिस्टरच्या जागा काही कंपन्या वेगळ्या ठेवतात, तेव्हा त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम शेजारी हवा.

गैरसमज: मीटरची शिट्टी वाजली, म्हणजे वायर चांगली.

वायरीतली एकच तार शाबूत असली तरी शिट्टी वाजते. कंट्रोलरच्या सप्लायची आणि अर्थची वायर भार देऊन तपासावी: कनेक्टर काढून त्या दोन पिनांवर 24 व्होल्टचा, 21 वॅटचा बल्ब लावा. मंद पेटला तर वाटेत कुठेतरी वायर कुजली आहे. बल्ब किंवा टेस्ट लॅम्प कॅनच्या वायरींना मात्र लावायचा नाही. वायरीत सुई खुपसून तपासणंही टाळा. त्या भोकातून पावसाचं पाणी शिरतं आणि तांबं आतल्या आत हिरवं पडत जातं.

गैरसमज: सेल्फ मारतो, म्हणजे बॅटरीचा संबंध नाही.

सेल्फ मारताना व्होल्टेज खोल गेलं, तर इंजिन सुरू होतं पण एखादा कंट्रोलर क्षणभर बंद पडून पुन्हा जागा होतो, आणि कम्युनिकेशनचा कोड मागे राहतो. आपल्याकडे याचं एक नेहमीचं कारण म्हणजे केबिनमधल्या टेप किंवा पंख्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेतलेलं 12 व्होल्टचं कनेक्शन. ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात. 24चं 12 करणारा कन्व्हर्टर त्या मानाने किरकोळ खर्चात बसतो.

गैरसमज: दुसऱ्या मशीनचा ईसीएम लावून खात्री करता येते.

बहुतेक कंट्रोलरमध्ये त्या मशीनचं सॉफ्टवेअर आणि सेटिंग असतं. उसना लावला तर नवे कोड येतात, आणि मूळ दोष शॉर्टचा असेल तर तोही जळू शकतो.

गैरसमज: डिस्प्लेवर कोड नाही, म्हणजे मशीन निरोगी.

विक्रीआधी कोड पुसणं काही मिनिटांचं काम आहे. म्हणून घेताना मशीन चांगली गरम होऊ द्या, बूम पूर्ण वर-खाली करा, दोन्ही बाजूंना स्विंग फिरवा, आणि इंजिन चालू असताना जिथे हार्नेस वाकतो किंवा पत्र्याला टेकतो तिथे तो हलवून पाहा, फिरत्या पट्ट्यांपासून हात लांब ठेवून. मग डायग्नॉस्टिक टूल लावून जुन्या नोंदींसकट कोड वाचा: किती वेळा आला, किती तासांच्या मीटरला आला. विकणारा टूल लावू देत नसेल, तर अख्ख्या वायरिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा.