दोन्ही बाह्या उजव्या

चिमूरचा १९४२ चा लढा आमच्या अब्बांनी वयाच्या दहाव्या वर्षी पाहिला होता. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, गावात काय घडले, मग गोरे सोजीर आल्यावर घराघरांची दारे कशी बंद झाली, हे ते सत्तर वर्षांनंतरही क्रमवार सांगत. म्हणूनच २०११ साली धाकटी बहीण म्हणाली, ‘अब्बा फार विसरायला लागलेत,’ तेव्हा मी हसलो. ज्यांना बेचाळीस आठवते, त्यांच्या डोक्याला काय झाले असणार?

अब्बा शिंपी होते. एकोणऐंशीव्या वर्षीही ओळखीच्या लोकांचे शिवण घेत. एकदा एका शर्टाला त्यांनी दोन्ही बाह्या उजव्या जोडल्या. घरात हशा पिकला, तेही हसले. पुढे दुपारच्या नमाजात किती रकात झाल्या याचा हिशेब चुकू लागला. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. आम्ही म्हणालो, ‘साठी बुद्धी नाठी, इथे तर ऐंशी आली.’ असे वर्ष गेले. मग एका संध्याकाळी, पन्नास वर्षे पायाखालच्या रस्त्याने मशिदीतून परतताना ते वाट चुकले. शेजारच्या मुलाने हात धरून आणले. दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरची बस धरली.

तिथल्या डॉक्टरांनी माझा गैरसमज पहिल्याच भेटीत दूर केला. नव्या घटना मनात पक्क्या करण्याचे काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग करतो. अल्झायमरमध्ये बहुधा त्यालाच आधी इजा होते. जुन्या आठवणी केव्हाच पक्क्या झालेल्या असतात, त्या बराच काळ टिकतात. म्हणजे बेचाळीस आठवते आणि सकाळचा नाश्ता आठवत नाही, हे स्मरणशक्ती शाबूत असल्याचे लक्षण नव्हे. उलट ती तपासून घ्यावी, अशी खूण आहे.

मग साधे विसरणे कोणते? एखादे नाव ओठांवर अडते आणि संध्याकाळी आठवते, ते वयाचे. पण तासाभरात तोच प्रश्न तीनदा विचारणे, ओळखीच्या वाटेवर हरवणे, पैशांचा गोंधळ होणे, जन्मभराच्या कामात चुका होणे, स्वभाव पालटणे, हे वयाच्या खात्यावर टाकू नये.

तपासणीला लोक उगाच घाबरतात. डॉक्टरांनी विचारले, ‘चाचा, आज वार कोणता?’ तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. शंभरातून सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावले. लिहिता-वाचता न येणाऱ्यांवर अशा चाचणीत अन्याय होऊ शकतो. म्हणून १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड परिसरात निरक्षर वृद्धांसाठी हिंदीतून वेगळी चाचणी तयार झाली. डॉक्टरांना शिक्षण किती, हे आवर्जून सांगावे. त्यानंतर रक्त तपासतात, गरज वाटल्यास डोक्याचे स्कॅन करतात.

ही धडपड कशासाठी? कारण प्रत्येक विसरणे अल्झायमर नसते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेले थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या, पडल्यावर डोक्यात साचलेले रक्त, यांनीही स्मरण बिघडते आणि यांवर इलाज आहेत. कधी कधी म्हातारा माणूस विसरत नसतो, त्याला नीट ऐकूच आलेले नसते. आणि दोन-चार दिवसांतच कुणी एकदम बरळू लागला, तर वाट पाहू नये. जंतुसंसर्ग असेल, रक्तातले सोडियम घटले असेल. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अब्बांचे ब-१२ फार कमी निघाले. इंजेक्शनांनी थोडी तरतरी आली, बोलणे सुधारले. पण सगळे परत आले नाही, अल्झायमरही होता. तो बरा करणारे औषध नाही. काहींची लक्षणे थोडी सावरणाऱ्या गोळ्या मात्र आहेत, आणि कळल्यावर घरच्यांचे ओरडणे थांबते, हे लहान नाही. वर्षभर आधी गेलो असतो तर किती फरक पडला असता, हे मला कुणी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. त्याचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले. आपल्या भागातल्या माणसाने सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यातूनच करावी. पुढच्या तपासासाठी चंद्रपूर, सेवाग्राम आणि नागपूरला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. काळजी घेणाराच खचला तर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलते.

जाताना चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घाला. काय, केव्हा विसरले, हे तारखेसह कागदावर लिहा. आणि रोज सोबत राहणाऱ्या माणसालाच बरोबर न्या. आमच्या घरात ती माझी बहीण होती. तिने सांगितले होते तेव्हा मी हसलो. तुमच्या घरात कुणी असे म्हणाले, तर हसू नका.